थोरल्या पाळकांची तयारी

३ सप्टेंबर

थोरल्या पाळकांचा निरोप आला म्हणून जेवण अर्धं टाकून गेले. डॉक्टरांनी हात टेकलेत, एवढं कळलं होतं. वाटलं, धीर द्यावा लागेल, एखादं स्तोत्र वाचावं लागेल. जिन्यात उभी राहून मनातल्या मनात जुळवाजुळवही केली. आत जाऊन पाहते तर स्वारी उशीला टेकून बिस्कीट चहात बुडवून खातेय.

"ये, बस," म्हणाले. "मला माझ्या अंत्यविधीचं ठरवायचंय. सगळं थाटात झालं पाहिजे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "थाटात?"

"थाटात! पांढरा झगा, गळ्यात स्टोलचा पट्टा, पेटीवर प्रभुभोजनाचा प्याला आणि पवित्र शास्त्र, चर्चची घंटा. आणि पेटी वेदीपुढे ठेवायची ती तोंड लोकांकडे करून. पाळकाला पोचवतात ना, तस्सं. बाकीच्यांचं तोंड वेदीकडे असतं. पण मी जन्मभर लोकांकडे तोंड करून उभा राहिलो, शेवटच्या दिवशी पाठ कशी फिरवू? शिवाय कोण आलं नाही, तेही दिसेल."

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून हसल्या. मला हसू आलं नाही. खोटं कशाला लिहू, थोडी निराशाच झाली. हा माणूस साधेपणावर इतकं बोलला आणि शेवटी इच्छा काय, तर थाट. मी सेमिनरीत पाळकाचं शिक्षण घेत असताना 'अंत्यविधीतला डामडौल' या विषयावर निबंध लिहून वर्गात बक्षीस मिळवलं होतं. ते त्यांना सांगितलं नाही.

"तुला थोडी धावपळ करावी लागेल," म्हणाले. "आधी सुताराकडे जा. पेटीचं विचारून ये. फोन नको करू, त्याला ऐकू कमी येतं."

५ सप्टेंबर

सुताराकडे गेले. मशीन बंद केल्यावर त्याला अगदी व्यवस्थित ऐकू येतं. पेटीच्या मापाचं विचारलं तर म्हणतो, "माप? ते तर पाळकसाहेबांनी मागेच दिलंय. लाकूडसुद्धा त्यांनीच निवडलं. त्या बघा, फळ्या भिंतीला उभ्या आहेत."

म्हाताऱ्यांना आता विसर पडायला लागलाय, बिचारे. फेरी फुकट गेली म्हणून निघणार, तोच सुताराने भुसा झटकून स्टूल पुढे केलं. बसले. त्याची मुलगी नोकरीसाठी दूर गेली ती फोनच उचलत नाही. काय बोलावं कळेना म्हणून गप्प बसून ऐकलं. मी निघताना म्हणाला, "बाई, तिच्यासाठी प्रार्थना करा. तिचं नाव घेऊन करा." नाव सांगितलं. केली.

घरी यायला उशीर झाला. आईने विचारलं, "काय गं, पेटी ठरली?" म्हटलं, आधीच ठरली होती, उगाच हेलपाटा. आई म्हणाली, "बरं." आईचं 'बरं' मला कधीच बरं वाटत नाही.

८ सप्टेंबर

कालच्या उपासनेला नेहमीसारखेच लोक. उपदेश मला आवडला, त्यांना आवडला की नाही देव जाणे. मला इथे थोरल्या पाळकांच्या जागी येऊन तीन महिने झाले, पण मंडळी मला अजून 'बाई'च म्हणते, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. तेही एक वेळ बरं. आमचे कारभारी, म्हणजे पंचांचे मुख्य, चर्चच्या किल्ल्यांपासून खुर्च्यांपर्यंत सगळं ज्यांच्या हातात ते, मला काहीच म्हणत नाहीत. नुसता घसा खाकरतात. एकदा खाकरले की 'या', दोनदा खाकरले की 'हे आमच्याकडे असं करत नाहीत'. काल दोनदा खाकरले. मी मेणबत्त्या उजवीकडून पेटवल्या म्हणून.

बिशपसाहेबांच्या कार्यालयाकडे बदलीचा अर्ज टाकला आहे. आईला सांगितलेलं नाही. पालथ्या घड्यावर किती दिवस पाणी ओतायचं?

११ सप्टेंबर

आज शिवणकामवाल्या मावशींकडे. थोरले पाळक आजारपणात निम्मे झालेत, झगा आता अंगावर तंबूसारखा दिसेल, तो आत घ्यायला सांग म्हणाले. मावशींनी कपाट उघडून दाखवला. आत घेऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळून ठेवलेला. "काकू गेल्याच महिन्यात देऊन गेल्या," म्हणाल्या.

म्हणजे काकूंनाही आठवत नाही? काल त्यांच्यासमोरच तर बोलणं झालं. घरात दोघंही विसरभोळी म्हटल्यावर औषधं कोण सांभाळतं, हे बघायला हवं.

मावशींनी चहा टाकला. त्यांचे हात आता थरथरतात, सुई ओवता येत नाही, पण गिऱ्हाईक जाईल म्हणून कोणाला सांगत नाहीत. मला सांगितलं. मी त्यांना दहाबारा सुया ओवून टाचण्यांच्या गादीला टोचून दिल्या. परवा पुन्हा जाईन म्हटलं आहे. ह्यात पाळकाचं काम कुठलं, ते मला माहीत नाही.

१५ सप्टेंबर

आज खरी पंचाईत झाली.

"आता खांदेकरी," थोरले पाळक म्हणाले. आवाज बारीक झालाय, पण डोळे तेवढेच मिश्कील. "पाळकाला पाळक उचलतात. आजूबाजूच्या गावचे येतील. पण एक जागा राखून ठेव. ती बेकरीवाल्याची."

"बेकरीवाले? ते तर चर्चमध्येच येत नाहीत."

तेव्हा हकीकत सांगितली. बेकरीवाल्याचे वडील बाजारात हमाली करायचे. ते वारले, त्या दिवशी बिशपसाहेबांचा सत्कार होता. पाळकसाहेब वेळेत परतेन म्हणून गेले आणि जेवणाच्या पंगतीत अडकले. तिकडे कबरस्तानात पेटी उन्हात ठेवून लोक ताटकळले. शेवटी पोराने स्वतःच 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हटलं, आणि माती लोटली.

"मी माफी मागायला किती वेळा गेलो असेन," ते म्हणाले. "त्याने प्रत्येक वेळी पाव दिला, सुटे पैसे परत दिले, आणि म्हणाला, पुढचे कोण? बरोबरच आहे त्याचं. बापाला पोचवायला पाळक नव्हता."

मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. काकूंनी मला दारापर्यंत सोडलं. "जाशील ना गं?" एवढंच म्हणाल्या.

१६ सप्टेंबर

गेले. दुपारची वेळ, भट्टी निवत होती, बेकरीवाले ट्रे घासत बसलेले. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. ते शांतपणे ऐकत होते, म्हणून वाटलं, जमलं.

"माझ्या बापाला एक पाळक मिळाला नाही," ते म्हणाले, "आणि ह्यांना उचलायला इतके पाळक असून वर मी पण हवा?"

मीही तेच म्हटलं असतं.

ते ट्रे घासत राहिले, मी उभी राहिले. मग त्यांनी एक गरम पाव कागदात गुंडाळून हातात दिला. "घेऊन जा. तुमचा काय दोष."

१९ सप्टेंबर

तीन दिवस डोक्यात तेच. आईला म्हटलं, थोरल्या पाळकांना सांगते की माणूस तयार नाही, विषय संपला. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "तू त्याला काय द्यायला गेली होतीस?"

"द्यायला? मी मागायला गेले होते."

"तेच म्हणतेय," आई म्हणाली.

२० सप्टेंबर

पुन्हा बेकरीत गेले. म्हटलं, "मी त्यांच्यासाठी आले नाही. तुमच्या वडिलांचा विधी राहिलाय. तो करू या."

त्यांनी हातातलं काम थांबवलं. "आता? इतक्या वर्षांनी?"

"हो."

"हमाल होता तो, बाई. दोन ओळी वाचून उरकाल."

"उरकणार नाही," मी म्हणाले. आणि माझ्याच तोंडून निघालं, "थाटात करू."

२२ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी पांढरा झगा घातला, स्टोल घेतला, हातात शास्त्र. घंटा वाजवायला सांगितली. एरवी एखाद्याच्या जाण्याची वाजते तशी, सावकाश. घंटा ऐकून गल्लीतले लोक बाहेर आले. थोरले पाळक गेले, असंच सगळ्यांना वाटलं. कारभारी तर एका पायात चप्पल घालून धावत आले.

"घंटा कोणाची?" ओरडले.

"बेकरीवाल्यांच्या वडिलांची."

कारभारी दोनदा खाकरले. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत खरडपट्टी निघणार. बेकरीवाले बायकोमुलांना घेऊन पायरीशी उभे होते. नवा शर्ट, पण पिठाचा हात पुसल्याचा एक पांढरा ठसा बाहीवर तसाच. कारभाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आपल्या अनवाणी पायाकडे. आणि म्हणाले, "त्या दिवशी मी पण सत्काराला होतो." घरी जाऊन दुसरी चप्पल घालून आले आणि मुकाट्याने आमच्या मागे चालू लागले.

कबरस्तानात पोचेपर्यंत मागे चांगलीच रांग झाली होती. सुतार, मावशी, शेजारपाजार, माझी आई. मी एक ओळही गाळली नाही. पाळकासाठी वाचतात तो उताराही वाचला. कोणी हरकत घेतली नाही. हमालाने जन्मभर दुसऱ्यांची ओझी वाहिली, असं काहीसं बोलले. लिहून नेलं नव्हतं. बेकरीवाले उभे होते ते शेवटच्या 'आमेन'ला एकदम खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. त्यांच्या मुलींनी आजोबांना कधी पाहिलंही नव्हतं, पण त्याही रडल्या. मग सगळ्यांनी कबरीवर मूठमूठ माती टाकली, ताजी असल्यासारखी.

परतताना थोरल्या पाळकांकडे गेले. घंटा त्यांना घरात ऐकू आली होती. सांगायला सुरुवात केली तर हात वर करून थांबवलं आणि पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. काकू म्हणाल्या, "जा, तू जरा चहा टाक." चहा झाला तोवर ते पुन्हा उशीला टेकून बसले होते. डोळे लाल, पण चेहरा असा की जणू आजारी मीच आहे आणि ते भेटायला आलेत.

"खांद्याचं विचारलंस त्याला?"

"नाही. विसरलेच."

त्यावर इतके हसले की खोकला लागला.

२८ सप्टेंबर

उपासनेला बेकरीवाले आले. मागच्या बाकावर बसले, संपायच्या आधी उठून गेले. भट्टी पेटवायची असते.

बिशपसाहेबांच्या कार्यालयातून फोन होता. मोठ्या शहरातल्या चर्चमध्ये जागा आहे, माझं नाव पुढे आहे. आनंद व्हायला हवा होता. झाला असेलही, आज धावपळ फार झाली. सुताराची मुलगी सुट्टीवर आलीय, तिला भेटायला जायचं होतं. मावशींना सुया ओवून द्यायच्या होत्या.

२ ऑक्टोबर

थोरले पाळक आज सकाळी गेले. चहा घेतला, खिडकी उघडायला सांगितली, काकू खिडकी उघडून वळल्या तोवर संपलं होतं. कुठलाही त्रास नाही.

पाळकाला पाळकाने तयार करायचं असतं. इथे पाळक मीच. मी आणि काकूंनी मिळून त्यांना अंघोळ घातली, झगा घातला. मावशींनी आत घेतलेला झगा अगदी अंगाबरोबर बसला. मग त्यांच्या गळ्यात स्टोल घातला. काकू म्हणाल्या, "अगं, डावी बाजू जरा खाली. त्यांना तशीच लागायची." तशी केली. काकूंनी त्यांचे केस विंचरले, कंगवा बघितला, आणि तेव्हा कुठे त्या रडल्या. मी त्यांना धरून बसले. बोलले काहीच नाही. हल्ली मला न बोलता बसायची सवय झालीय.

संध्याकाळी पंचांची बैठक. कारभारी म्हणाले, बिशपसाहेब येताहेत, ते विधी चालवतील. बाईंनी काकूंजवळ बसून त्यांना आधार द्यावा. रीतीला धरूनच आहे. मी मान डोलावली. वाईट वाटलं, पण ते इथे लिहून संपवते.

४ ऑक्टोबर

सगळं थाटात झालं.

चर्च गच्च भरलं होतं. पेटी वेदीपुढे, तोंड लोकांकडे. झाकणावर प्याला आणि शास्त्र. मी काकूंशेजारी बसले होते. बिशपसाहेब पुढे आले, मंडळीकडे पाहून त्यांनी विचारलं, "इथला पाळक कोण? ह्या भावाला देवाच्या स्वाधीन करायचा पहिला मान त्यांचा."

कारभारी उठले. एकदाच खाकरले.

"त्या," म्हणाले. "त्या आमच्या पाळकबाई."

विचारलं म्हणून सांगावं लागलं त्यांना. काकूंनी मला कोपराने ढकललं, तेव्हा उठले. पेटीच्या शेजारी जाऊन उभी राहिले, थोरले पाळक जिकडे तोंड करून तिकडेच तोंड करून. समोर सगळे दिसत होते. एक गंमत तेव्हा लक्षात आली: आता मला जवळजवळ सगळ्यांच्या घरचं काही ना काही ठाऊक आहे. कोणाची मुलगी फोन उचलत नव्हती, कोणाच्या हाताला कंप आहे, कोणाचं कोणाशी बोलणं नाही. कधी आणि कसं कळलं, कोण जाणे. माणूस एका गावात राहिला की होतच असेल तसं.

आवाज फुटला. शेवटपर्यंत टिकला.

पेटी उचलायला पाळक पुढे आले. मधल्या वाटेने बेकरीवाले चालत येत होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं. पाहुण्या पाळकांपैकी एक जण हळूच म्हणाले, "भाऊ, पाळकाला फक्त पाळकच—"

"ही जागा त्यांची आहे," मी म्हणाले. "थोरल्या पाळकांनी राखून ठेवलीय."

बिशपसाहेब स्वतः सरकले आणि जागा करून दिली. बेकरीवाल्यांनी पेटीला खांदा दिला, आणि लाकडाशी तोंड नेऊन, मलाच ऐकू येईल इतकं हळू म्हणाले, "आलो बघा."

घंटा वाजत होती. दफन नीट झालं. काकू खंबीर राहिल्या.

निघताना बिशपसाहेबांनी मला बाजूला घेऊन बदलीचं विचारलं. मी म्हटलं, एवढ्यात कशी जाऊ? काकू एकट्या आहेत. मावशींना डॉक्टरकडे न्यायचंय. सुताराच्या मुलीचं लग्न ठरतंय, ते मीच लावावं असं तिचं म्हणणं. बेकरीवाल्यांच्या धाकटीचा बाप्तिस्माच राहिलाय. हे सगळं मार्गी लागलं की बघू. बिशपसाहेब म्हणाले, "मग अर्ज परत पाठवतो." मी म्हटलं, तूर्त पाठवा.

आईला आता सांगायला हरकत नाही म्हणून बदलीचं सांगितलं. म्हणाली, "मला माहीत होतं. आणि त्यांनाही माहीत होतं." कोणाला, विचारलं तर म्हणे, "ज्यांना तू विसरभोळे म्हणायचीस त्यांना." आणि हसत बसली. दिवसभराच्या दगदगीने तिचंही डोकं चालत नसावं. लवकर झोपवलं.

१२ ऑक्टोबर

उपासनेनंतर सगळे गेले तरी कारभारी घुटमळत होते. खुर्च्या सरळ केल्या, त्याच पुन्हा सरळ केल्या. मला वाटलं, मेणबत्त्यांवरून काही बोलणार. आज मी त्या डावीकडून पेटवल्या होत्या, पण सांगता येत नाही.

"पाळकबाई," म्हणाले, "मी काही पाळक नाही. मला प्याला नको, तोंड लोकांकडे नको. साधंच."

"कशाचं साधं?"

"माझ्या वेळचं म्हणतोय." किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात. "तेवढं तुम्ही करा. बाहेरून कोणाला बोलावू नका."

धडधाकट माणूस! रोज सकाळी टेकडी चढून येतो. ह्या गावातल्या लोकांना आपल्या मरणाचीच एवढी काळजी का पडलेली असते, मला कळत नाही. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला अजून खूप अवकाश आहे."

"असू दे ना," कारभारी म्हणाले. "पण तुम्ही असाल ना तोवर?"

"असेन की," मी म्हणाले. "जातेय कुठे!"

त्यांनी खाकरलंसुद्धा नाही. दाराला कुलूप लावलं, चालायला लागले, पुन्हा मागे आले, आणि जुडग्यातून एक किल्ली सोडवून माझ्या हातावर ठेवली.